दिलिजाँसमधली गाठ

ब्लेझने दुसऱ्यांदा खिडकीबाहेर डोकं काढलं, तेव्हा उर्सुलच्या मनात पाल चुकचुकली. पहिल्यांदा काढलं तेव्हा तिने सोडून दिलं होतं. दिलिजाँस, म्हणजे प्रवाशांची घोडागाडी, तेव्हा ब्रियूदच्या वेशीतून नुकती बाहेर पडत होती आणि निघताना माणूस मागे वळून गाव बघतोच. पण आता बाहेर बघण्यासारखं होतं काय? राईची शेतं, आणि शेतांच्या पलीकडे जंगल. जंगलच बघत असणार मेला.

"काय बघतोस रे?"

"काही नाही, बाई. हवा खातोय."

"आत हवा नाहीये का?"

"आहे. पण ती शेटच्या तंबाखूची आहे."

समोरच्या बाकावरचे दल्मासशेट पोट हलवून हसले. ते तांब्याच्या भांड्यांचे व्यापारी होते, महिन्यातून दोनदा याच गाडीने ल पुईला जायचे आणि वाटेतल्या प्रत्येक झाडाची त्यांना कुंडली ठाऊक होती. त्यांच्या शेजारी एक बहिरे पाद्रीबाबा सकाळपासूनच घोरत होते. आतल्या खोलीत एवढी चारच माणसं. बाकीचे प्रवासी टपावर, ट्रंका आणि कोंबड्यांच्या खुराड्यांबरोबर. टपावरचं तिकीट निम्म्याने स्वस्त होतं, आणि उर्सुल जन्मात कधी महागाचं तिकीट काढणारी बाई नव्हती. पण ब्लेझला टपावर बसवायचं म्हणजे नजरेआड करायचं. म्हणून तिने मन घट्ट करून दोन्ही जागा आतल्या घेतल्या होत्या. त्याला दाराशी बसवलं ते मात्र कंडक्टर पाजेसने. त्याच्या कागदावर नंबरच तसे पडले होते, आणि तो कागद म्हणजे पाजेसचं बायबल.

ब्लेझ पळाला तर उर्सुलचा झिल्बेर जाणार होता. झिल्बेर तिचा एकुलता एक मुलगा. यंदाच्या लष्करभरतीच्या सोडतीत त्याचा आकडा वाईट निघाला. वाईट आकडा म्हणजे सात वर्षं पलटण. आणि हल्ली पलटण म्हणजे समुद्रापलीकडे अल्जीर. शेजारच्या घरातला पोरगा तिकडे गेला होता. परत आली ती त्याच्या नावाची चिठ्ठी. कायद्यात एकच फट होती: आपल्या जागी दुसरा धडधाकट गडी उभा करायचा. नवऱ्यामागे राहिलेलं कुरण उर्सुलने विकलं, पैसा वकिलाकडे ठेवला आणि डोंगरातल्या वस्तीवरून हा ब्लेझ मिळवला. त्याच्या घरी सहा भावंडं आणि दोन शेळ्या. उद्या सकाळी ल पुईच्या कचेरीत भरती मंडळापुढे त्याला उभं करायचं होतं. उद्याचा दिवस शेवटचा. झिल्बेर गावच्या बाकी पोरांबरोबर दोन दिवस आधीच पायी पुढे गेला होता.

तर असा उद्याचा दिवस उजाडेपर्यंत हा गडी जागेवर राहिला पाहिजे होता. आदल्या रात्री सराईत उर्सुल त्याच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आत तो मस्त घोरत होता, आणि तिला त्या घोरण्याचाही संशय येत होता. इतकं नियमित कोण घोरतं?

दुपारी घोडे बदलायला गाडी थांबली तेव्हा प्रवासी सराईत जेवायला बसले. तिथल्या सूपची ख्याती साऱ्या वाटेवर होती. ते उकळतं यायचं. माणसं फुंकर घालत बसायची आणि निवतं न निवतं तोच कंडक्टर हाळी द्यायचा, "चला, बसा गाडीत." उरलेलं सूप पुन्हा पातेल्यात जायचं आणि पुढच्या गाडीच्या प्रवाशांची जीभ भाजायचं. सराईवाला आणि कंडक्टर यांचं साटंलोटं होतं असं दल्मासशेट म्हणायचे, आणि म्हणत म्हणत दरवेळी पैसे मोजायचे.

ब्लेझने मात्र सूपला हात लावला नाही. वाडग्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला आणि तो उठून मागच्या दाराने बाहेर गेला. उर्सुल हातातला पाव टाकून त्याच्या मागे. तो अंगणातल्या संडासात शिरला. उर्सुल बाहेर पहारा देत उभी राहिली.

दोन मिनिटं गेली. चार गेली.

"ब्लेझ, आहेस ना?"

"आहे, बाई."

"मग बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल. भावंडांची नावं सांग."

आतून एकेक नाव येऊ लागलं, मध्ये मध्ये थांबून. घोड्यांना पाणी पाजणारा मोतद्दार बादली खाली ठेवून ऐकत राहिला. पाचवं नाव झालं आणि आतून ओकारीचा आवाज आला. ब्लेझ बाहेर आला तो पांढराफटक पडलेला.

"गाडी लागते मला," तो म्हणाला. "कधी बसलो नव्हतो ना. डोकं बाहेर काढलं की जरा बरं वाटतं."

दुसरी कुणी असती तर तिने तिथल्या तिथे त्याला पाणी दिलं असतं. उर्सुलला पटकन वाटलं, सोंग चांगलं येतं याला.

गाडी पुन्हा निघाली तसे दल्मासशेट रंगात आले. जेवणानंतर त्यांना गोष्ट सांगितल्याशिवाय अन्न पचत नसे.

"बाई, हा तुमचा बदली गडी ना? कचेरीत उभा करायचा असेल."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मघाशी संडासाबाहेर उभ्या होतात, तेव्हाच ओळखलं. आई मुलासाठी एवढं करत नाही." ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणला, पण तो एवढाच खाली आला की टपावरच्यांना ऐकू जाऊ नये. "आमच्या भाच्यासाठी असाच एक घेतला होता. चांगला, शांत, गरीब गाय. याच गाडीने आणत होतो. ग्रेझचा घाट लागला. तिथे तर सगळ्यांना उतरून चालावंच लागतं, घोड्यांना ओढवत नाही. आमची गाय उतरली, म्हणाली, जरा झुडपामागे जाऊन येतो."

"मग?"

"मग काय, अजून झुडपामागेच आहे. तीन वर्षं झाली."

ब्लेझ हसला. उर्सुल हसली नाही. तो हसला तेच तिला खुपलं. चोराची गोष्ट ऐकून साव माणूस असा मोकळा हसेल का?

"घाट किती लांब आहे अजून?" ब्लेझने विचारलं.

"दोन तास," शेट म्हणाले आणि उर्सुलकडे पाहून त्यांनी एक डोळा बारीक केला.

याला घाट कशाला हवा? दिलिजाँस म्हणजे त्या लोकांच्या भाषेत लगबग, पण नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा अशी या गाडीची गत. चढण आली की प्रवासी पायी आणि गाडी रिकामी. ग्रेझच्या घाटात रस्त्याला सात वळणं, दोन्ही बाजूंना गर्द देवदार. तिला आता चोपन्नावं लागलं होतं आणि गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. हा बावीस वर्षांचा. एका वळणावर हा पुढे गेला की संपलं.

तासाभराने उन्हाने गाडी तापली, तसे सगळे पेंगायला लागले. शेटची मान पडू लागली. ब्लेझही डोळे मिटून, डोकं दाराला टेकून बसला, तोंड अर्धं उघडं. उर्सुलचेही डोळे मिटत होते. ती नखाने तळहाताला टोचून जागी राहत होती. आणखी तासभर असं जमणार नाही हे तिला कळून चुकलं. मग तिला ते सुचलं.

ती लेस विणणारी बाई. मांडीवर उशी आणि उशीवर चाळीस दोरे, असं आयुष्य गेलेलं. तिच्या पिशवीत मेण लावलेला पक्का सुती दोरा होता. तिने तो चौपदरी केला. हातातली जपमाळ खाली टाकली आणि ती शोधायच्या निमित्ताने वाकली. ब्लेझच्या बुटाच्या नाडीतून तिने दोरा ओवला, बाकाच्या लोखंडी पायाला वेढा दिला आणि गाठ मारली. बाजारात कोंबड्यांचे पाय बांधताना मारतात तशी; ओढली की आवळते. ब्लेझ हलला नाही. घाटाच्या आधी सोडायची, मग त्याचा दंड धरूनच चढायचं, असं तिने ठरवलं. जपमाळ घेऊन ती सरळ बसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडले. आता पळ म्हणावं.

आणि तिला झोप लागली.

जाग आली ती पाजेसच्या हाळीने. "घाट आला. उतरा सगळे, उतरा. पाद्रीबाबा सोडून सगळे."

दार धाडकन उघडलं. उर्सुलने डोळे उघडले तर ब्लेझ उठला होता. त्याने एक पाऊल पायरीवर टाकलंसुद्धा होतं, आणि तिला हात द्यायला तो अर्धा मागे वळला होता. "थांब," असं ती म्हणाली की नुसतं तिच्या मनात आलं, ते तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. मागच्या पायाला हिसका बसला. तो उभाच्या उभा पुढे गेला आणि त्याचं तोंड लोखंडी पायरीवर आपटलं.

टपावरचे खाली उतरून धावले. पाजेस शिव्या देत आला. तेवढ्या गडबडीत उर्सुलने कमरेची कात्री काढली, दोरा कापला आणि मुठीत घेतला. हे तिने इतक्या झटक्यात केलं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

ब्लेझ मातीत बसला होता. ओठ फाटला होता. त्याने तळहातावर थुंकून पाहिलं. वरचे पुढचे दोन दात.

दल्मासशेटनी चष्मा लावून ते दात पाहिले, मग पायरी पाहिली, मग पुन्हा दात पाहिले.

"हातभर रुंद पायरी आहे," ते म्हणाले. "गाडी उभी आहे. दिवसाउजेडी धडधाकट गडी तोंडावर पडतो, आणि जातात ते नेमके पुढचे दोन. बाई, पलटणीत काडतुसाचा कागद दाताने फाडावा लागतो. पुढचे दात नसलेल्याला घेत नाहीत. हे प्रत्येक शेंबड्या पोराला माहीत आहे. लोक न्हाव्याकडे जाऊन उपटून घेतात."

"त्याने मुद्दाम केलं म्हणता?" पाजेसने विचारलं.

"मी काही म्हणत नाही. मी पायरीची रुंदी सांगितली."

मंडळींनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर क्षणभर उर्सुललाही वाटलं, केलं असेल मुद्दाम. मुठीत दोरा होता, आणि तरी वाटलं. संशय एकदा अंगात मुरला की डोळ्यांचंही ऐकत नाही.

सगळे घाट चढू लागले. ब्लेझ तोंडाला फडकं धरून पुढे चालत होता. देवदार हाताच्या अंतरावर होते. पहिल्या वळणावर तो दिसेनासा झाला, तशी ती गुडघे धरून पळत सुटली. वळणाशी पोचली तर तो दगडावर बसला होता. दुसऱ्या वळणावरही तसंच. तिसऱ्या वळणावर तिला कळलं, तो तिच्यासाठी थांबतोय. तिला लाज वाटली आणि लाजेचा राग आला.

"चल की पुढे," ती म्हणाली. "माझ्यासाठी कशाला थांबतोस?"

"तुम्हाला काळजी वाटेल म्हणून." फडक्यामुळे त्याचे शब्द फुटत नव्हते. "बाई, खरंच घेणार नाहीत का हो मला?"

"मला काय माहीत?"

"मी बोलेन त्यांच्याशी. दाढेने फाडीन म्हणावं."

माथ्यावर गाडीत बसताना दल्मासशेटनी उर्सुलला बाजूला घेतलं. त्यांना तिची खरोखर दया आली होती, हेही सांगायला हवं. "रडू नका. अपघात झाला म्हणाल तर उद्याचा दिवस गेला, मुलगा गेला. पण बदली गड्याने दगा दिला हे शाबीत झालं तर मंडळ पंधरा दिवसांची मुदत देतं. पैसा वकिलाकडेच आहे ना? पंधरा दिवसांत दुसरा मिळेल. मी साक्ष देतो."

"आणि याचं काय होईल?"

"व्हायचं ते होईल. दगाबाजाला तुरुंग असतो. तुम्ही आपल्या मुलाचं बघा."

ल पुई येईपर्यंत उर्सुल खिशात टाकलेला दोरा चाचपत राहिली.

सकाळी कचेरीच्या व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती. आत पोरांना उघडं करून उभं करतात, म्हणून बायकांना मज्जाव होता. दार अर्धवट उघडं होतं आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. दल्मासशेटनी पायरीची रुंदी सांगितली, गाडी उभी होती हे सांगितलं, गड्याने घाटाची दोनदा चौकशी केली हेही सांगितलं. चौकशी एकदाच केली होती, पण शेटची गोष्ट नेहमी अशीच थोडी फुगायची. डॉक्टर म्हणाला, "नापास." मग कॅप्टनचा आवाज आला.

"कसा पडलास रे?"

"पाय अडखळला, साहेब."

"कशाला अडखळला?"

उर्सुल दाराकडे सरकली.

"असाच अडखळला, साहेब."

"सगळ्यांचे असेच अडखळतात. त्या बाईला बोलवा."

उर्सुलला दारात उभं केलं. तिने नजर फरशीवर ठेवली. तरी डावीकडे भिंतीशी रांगेत उभ्या असलेल्या पोरांचे अनवाणी पाय तिला दिसले, आणि त्यांतले झिल्बेरचे तिने ओळखले. डाव्या अंगठ्यावर लहानपणीचा कोयत्याचा व्रण.

"बाई, तुम्ही शेजारी होतात. हा कसा पडला ते पाहिलंत?"

तिने तोंड उघडलं. एक वाक्य तयार होतं. रात्रभर ते तिच्या जिभेवर होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

"मी झोपले होते, साहेब."

"म्हणजे तुम्ही काहीच पाहिलं नाही."

"मी झोपले होते."

कॅप्टनने काहीतरी लिहायला सांगितलं. पंधरा दिवस हे शब्द तिने ऐकले. व्हरांड्यात येऊन ती बाकावर बसली. तिला वाटलं होतं की हलकं वाटेल. पण तसं झालं नाही.

थोड्या वेळाने एक शिपाई ब्लेझला घेऊन बाहेर आला. हातांना साखळी नव्हती, नुसता दंड धरला होता. ब्लेझ तिच्यापाशी थांबला. शिपाई म्हणाला, चल. तो म्हणाला, एक शब्द फक्त.

"बाई, घरी एवढा निरोप द्याल का? म्हणावं, काम मिळालंय. आईला तुरुंग सांगू नका."

"तू त्यांना का नाही सांगितलंस," उर्सुल म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "तुला कशाला अडखळला म्हणून विचारलं तेव्हा?"

ब्लेझने ओठावरचं फडकं जरा दाबलं.

"तुम्ही गाठ मारलीत तेव्हा मी जागा होतो. म्हटलं, राहू दे. बाईंना कालपासून झोप नाही, आता तरी जरा पडतील. आणि तुम्ही झोपलात. मग मीही झोपलो, आणि कंडक्टर ओरडला तेव्हा गाठ विसरूनच गेलो बघा. चूक माझीच. लक्षात ठेवायला हवं होतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने फार शोधला. दोन दिवस ती याच्या शब्दाशब्दात खोट शोधत होती, आता ती असती तर फार बरं झालं असतं.

शिपाई त्याला जिन्याकडे घेऊन गेला. उर्सुल उठली. दाराशी उभ्या असलेल्या कारकुनाने हात आडवा केला, "बाई, आत बायकांना," एवढंच तो म्हणाला आणि त्याचा हात बाजूला झाला, कारण ती त्याला ढकलून आत गेली होती. आत पोरं हातांनी अंग झाकत भिंतीकडे वळली. तिने खिशातून चौपदरी दोऱ्याचा तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"हा माझा दोरा आहे. त्याचा पाय मी बांधला होता. पळू नये म्हणून. त्याने काही केलेलं नाही. त्याला सोडा."

दल्मासशेट चष्मा काढून पुसू लागले. कॅप्टनने दोरा उचलला, ओढून पाहिला आणि डॉक्टरकडे दिला.

"शिपायाला हाक मारा," तो कारकुनाला म्हणाला. "तो दगा देणारा गडी नाही, त्याला जाऊ द्या." मग तो तिच्याकडे वळला. "बाई, दगा नाही तर ते पंधरा दिवसही नाहीत. मुदत आज संपते. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"मग यादीत तुमच्या मुलाचं नाव जसंच्या तसं राहील. नाव काय?"

"झिल्बेर."

कॅप्टनने यादीवरून बोट खाली नेलं आणि ते एका जागी थांबलं. "यांत कोणता?"

उर्सुलने फरशीवरची नजर वर केली. रांगेतून एक चेहरा मान वळवून तिच्याकडे बघत होता, काहीच न कळलेला, थंडीने ओठ निळे पडलेला. तिने हात उचलला आणि बोटाने तो दाखवला.